एमजीबी स्टार्ट घेत नाही? कारबोरेटर खोलण्याआधी हे बघा

गाडी स्टार्ट घेत नाही म्हटल्यावर एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या नव्या मालकाचा हात सगळ्यात आधी जातो तो हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या त्या दोन कारबोरेटरकडे. माझाही तिकडेच गेला होता. बॉनेट उघडलं की डोळ्यांत भरतात तेच: शेजारी शेजारी बसलेले एसयू कंपनीचे दोन कारबोरेटर, डोक्यावर घुमटासारख्या चकचकीत टोप्या. पहिल्या हिवाळ्यात मी दोन्ही उतरवले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळं सुटं केलं, नवीन पॅकिंग घालून चार दिवसांनी परत बसवलं. गाडी ढिम्म. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरमधल्या (स्पार्कचा करंट चार प्लगना वाटणारा भाग) फिरत्या रोटरचा, जो बदलायला एक मिनिटही लागत नाही. वर मी दोन्ही जेटचं (पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक) सेटिंग बिघडवून ठेवलं होतं, ते जुळवण्यात आणखी दोन रविवार गेले.

इकडे इंग्लंडमधल्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी एक वाक्य असतं: कारबोरेटरचे बहुतेक आजार इलेक्ट्रिकल असतात. थट्टेत म्हणतात, पण खालचा सगळा क्रम मी त्यावरच बेतला आहे. बॅटरी, मग स्पार्क, मग पेट्रोल, मग चोक, आणि कारबोरेटर खोलायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

माझी गाडी १९७० ची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची. १९६२ ते १९८० या काळात एमजीबीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या जुन्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. ज्यांच्या घरी अँबॅसेडर होती त्यांना बॉनेटखाली पाहिल्यावर नात्यातलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटेल. कारबोरेटर एसयू एचएस४, दीड इंची, दोन. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक बघावं: तिकडे १९७५ पासून विकलेल्या गाड्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कारबोरेटर आहे, त्यांचं तंत्र थोडं निराळं. भारतातल्या विंटेज रॅलींत दिसणाऱ्या एमजी टीसी आणि टीडीवर मात्र दोन एसयूच असतात. आकडे वेगळे, तपासायचा क्रम हाच.

आधी वही काढा

पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न: गाडी नेमकी कधी रुसते? रात्रभर थंड राहिल्यावर? दहा-पंधरा मिनिटं पेट्रोल पंपावर थांबून परत निघताना? की महिनाभर गॅरेजात पडून राहिल्यावर? हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. थंड असताना त्रास म्हणजे बॅटरी, स्पार्क किंवा चोक. गरम असताना त्रास म्हणजे बहुधा उकळलेलं पेट्रोल, नाहीतर तापल्यावर दगा देणारी कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा तिला साथ देणारा कंडेन्सर. खूप दिवसांनी त्रास म्हणजे शिळं पेट्रोल किंवा चिकटलेला पंप.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. दोन कारबोरेटरच्या गाडीत एकदम तीन गोष्टी हलवल्या की आपण कुठे होतो हेच कळेनासं होतं.

आणि अर्थातच: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, शटर उघडं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. या इंजिनात सायलेन्सरकडे जाणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोबर कारबोरेटरच्या खाली असतो. सांडलेलं पेट्रोल थेट त्याच्यावरच पडतं.

१. इंजिन पुरेशा जोरात फिरतंय का?

सेल्फ मारल्यावर इंजिन रेंगाळत फिरत असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. सेल्फ सगळा करंट ओढून घेतो, कॉइलच्या वाट्याला उरतं-सुरतं येतं आणि स्पार्क मरतो. मीटर बॅटरीला लावा. रात्रभर आराम केलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरी थकली आहे. माझ्यासारख्या गाडीत सीटमागे फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या दोघींना जोडणारी केबल कोणी बघत नाही, तिची टोकं हिरवी पडलेली सापडतात.

आता अर्थिंग. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग कच्चं आहे. (१९६७ च्या आधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, तिथे मीटर उलटा धरा.)

याची एक गंमत सांगतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून तांब्याची एक विणलेली पट्टी त्याला बॉडीशी जोडते. एका गॅरेजात क्लच बदलून आणला आणि तिथल्या माणसाने ती पट्टी परत लावलीच नाही. सेल्फचा एवढा मोठा करंट परतीची वाट शोधणारच. त्याला सापडली चोकची केबल. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर इंजिन जेमतेम फिरतंय आणि डॅशबोर्डखालून जळकट वास. चोकच्या केबलचं वरचं आवरण तापून मऊ पडलं होतं. मी आठवडाभर सेल्फ मोटरला शिव्या देत होतो. गाडी सुरू करताना चोकची किंवा ॲक्सलरेटरची केबल कोमट जरी लागली, तरी सगळं सोडून आधी ती पट्टी बघा.

२. चार प्लग काढा आणि क्रमाने मांडा

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. दहा सेकंद सेल्फ मारा, गाडी सुरू झाली नाही की चारही प्लग काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. रेडिएटरकडचा पहिला.

बी-सिरीज इंजिनात चार सिलिंडरांना हवा घेण्याची दारं दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका दारातून पितात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. पुढचा कारबोरेटर मुख्यतः १-२ ला पोसतो, मागचा ३-४ ला. दोन्हींना जोडणारी एक नळी असते, त्यामुळे वाटणी अगदी काटेकोर नसते, पण प्लग वाचायला एवढं पुरतं:

- चारही कोरडे: पेट्रोल येतच नाही. थेट पायरी ३.
- चारही पेट्रोलने ओले: पेट्रोल येतंय, स्पार्क नाही किंवा फार अशक्त आहे. इथेच थांबा.
- १-२ ओले, ३-४ कोरडे (किंवा उलट): एका कारबोरेटरचा फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), चोक किंवा कारबोरेटरमधला पिस्टन.
- एखादाच वेगळा: त्या सिलिंडरचा प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह. कारबोरेटरचा संबंध नाही.
- एका जोडीवर काजळीसारखा सुका काळा थर: त्या बाजूचा जेट चोकनंतर वर येत नाही.

स्पार्क बघायला एक चांगला प्लग वायरला लावून त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवा, प्लगच्या उघड्या भोकांपासून लांब. धरायला रबरी मुठीची पक्कड घ्या. निळसर, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि बारीक ठिणगी बाहेर उडते खरी, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तिचा जीव जातो.

ठिणगी अशक्त असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. आतून कोरड्या फडक्याने पुसा. इथल्या दमट सकाळी असो की कोकणातला पाऊस, कॅपमध्ये बसलेला ओलावा निम्मा करंट खातो. कॅपवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बाद. मग पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क. लुकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी. हवं, फीलर गेजने मोजून. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून स्पिरिटने पुसा. इंजिन फिरताना पॉइंटवरच ठिणग्या उडत असतील आणि प्लगवर मात्र दम नसेल, तर कंडेन्सर गेला. तिथेच आत दोन बारीक वायरी असतात, एक पॉइंटकडे जाणारी आणि एक पॉइंटखालच्या प्लेटचं अर्थिंग करणारी. प्लेट सारखी हलते, त्यामुळे त्या आवरणाच्या आतच तुटतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. हलकेच ओढून बघा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

आता रोटर, ज्याने माझे चार दिवस खाल्ले. बाजारात मिळणाऱ्या काही रोटरमध्ये वरची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. तो रिव्हेट आतल्या दांड्याच्या फार जवळ जातो आणि करंट प्लगकडे जाण्याऐवजी तिथूनच अर्थ होतो. तपासायला कॅप बाजूला करा, कॉइलकडून येणारी मधली जाड वायर रबरी पक्कडीने रोटरच्या मधल्या पट्टीपासून तीन-चार मि.मी. वर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर रोटर गळतो आहे, फेकून द्या. धडधाकट रोटरवर ठिणगी पडत नाही, कारण करंटला पुढे जायला वाट नसते. बिनरिव्हेटचा रोटर घ्या, आणि एक जादा.

प्लगचं अंतर ०.६४ मि.मी.

३. पंपाचा आवाज ऐका

रेडिओ बंद, दार उघडं, किल्ली फक्त इग्निशनपर्यंत. गाडीच्या पोटाखाली, मागच्या एक्सलजवळ बसलेला एसयूचा इलेक्ट्रिक पंप टक-टक-टक सुरू होतो, हळूहळू मंदावतो आणि थांबतो. थांबला म्हणजे दोन्ही फ्लोटच्या वाट्या भरल्या. या गाडीची ही सवय मला फार आवडते; सेल्फ मारण्याआधीच पेट्रोलची खबर मिळते.

काहीच आवाज नाही? पंपाच्या आतले पॉइंट जळाले किंवा चिकटले असतील. हातोडीच्या लाकडी दांड्याने पंपाच्या अंगावर हलकं ठोका. सुरू झाला तर घरी पोहोचाल, पण पंपाचे दिवस भरले आहेत. आवाज थांबतच नसेल तर तीन शक्यता: टाकी रिकामी, टाकीकडच्या नळीतून पंप हवा ओढतोय, किंवा फ्लोटची सुई बसत नाही आणि पेट्रोल वाहून जातंय. शेवटचं असेल तर वाटीच्या ओव्हरफ्लो नळीतून जमिनीवर थेंब पडताना दिसतील. आधी वाटीचं झाकण उघडून कचरा साफ करा. झाकण उलटं धरून फ्लोटच्या पट्टीचं झाकणापासूनचं अंतर बघा. ३ ते ५ मि.मी. हवं. चार मि.मी.च्या ड्रिल बिटची दांडी मध्ये सरकवून बघितली की काम होतं.

पेट्रोलचं वयही बघा. दोन-तीन महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सुपरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत, म्हणून जुन्या गाडीला तेच घालावं. भारतात हे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेलं आहे, तिकडच्या मालकांना याचा त्रास जास्त. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप आतून सोलतं. मग त्या रबराचे काळे कण फ्लोटच्या सुईखाली अडकतात. इथेनॉल सोसणारे नवे पाइप टाकून घेणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त खर्च.

४. चोक: या कारबोरेटरचं गणित वेगळं

इतर बऱ्याच कारबोरेटरमध्ये चोक म्हणजे हवेचं तोंड बंद करणारी झडप. एसयू एचएस४ मध्ये झडप नाही. इथे चोक ओढला की जेट खाली सरकतो. वर कारबोरेटरच्या टोपीतल्या पिस्टनला लटकलेली निमुळती सुई जेटच्या भोकात असते. जेट खाली गेला की सुईचा बारीक भाग भोकात येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त जातं.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली: ॲक्सलरेटर पंप करू नका. माझे वडील जुनी गाडी सुरू करताना पाय तीनदा आपटायचे, मीही तेच करायचो. ज्या कारबोरेटरमध्ये ॲक्सलरेटर पंप असतो तिथे त्याचा उपयोग होतो. एसयूमध्ये तो नाहीच. पाय आपटून एक थेंबही जास्त जात नाही, उलट थ्रॉटल उघडल्यामुळे जेटवरची ओढ कमी होते. थंड गाडीला चोक पूर्ण, पाय बाजूला, मग सेल्फ.

दुसरी, आणि दोन कारबोरेटरच्या गाडीत हीच जास्त सतावते: दोन्ही जेट एकदम आणि सारखेच खाली गेले पाहिजेत. एका केबलवर दोघे चालतात, मधल्या दांड्यावरचा एखादा क्लॅम्प सैल झाला की एकच खाली जातो. मग गाडी दोन सिलिंडरवर खोकते आणि बंद पडते. कोणाला तरी चोक ओढायला लावा आणि आपण खाली टॉर्च धरून दोन्ही जेटच्या बुडाकडे बघा. चोकची मूठ ओढताना सुरुवातीला फक्त रेस थोडी वाढते, जेट हलत नाही, तसंच हवं. त्यानंतर दोन्ही एकाच क्षणी हलायला लागले पाहिजेत. मूठ परत ढकलल्यावर दोन्ही वर येऊन टेकतात का, हे बोटाने दाबून बघा. एखादा मध्येच अडकला असेल तर बोटाला लगेच कळतं. काजळीवाली जोडी आठवते? ती इथून येते.

५. तरीही नाही, तर टोप्या

एअर फिल्टर काढून बोटाने एकेक पिस्टन वर उचला आणि सोडा. तो खाली पडून स्पष्ट ‘टक्’ वाजला पाहिजे, दोन्हीकडे सारखा. एक टक् वाजतो आणि दुसरा मऊ आवाजात बसतो किंवा अर्ध्यात अडकतो, तर तिथे मळ आहे, सुई वाकली आहे किंवा जेट मधोमध नाही. टोपी आणि बॉडीवर पेन्सिलने खूण करा, स्क्रू काढा, टोपी सरळ वर उचला. पिस्टन आणि टोपी पेट्रोलने धुवा. पॉलिश पेपर अजिबात नको. पुढची टोपी मागच्या पिस्टनवर चढवू नका. त्या एकमेकांच्या मापाने जोडीने बनलेल्या असतात. मी दोन वाट्या ठेवतो, एकीवर ‘पुढचा’, दुसरीवर ‘मागचा’ लिहून.

पिस्टनच्या नळीत तेल असतं, त्यावर लोक फार चर्चा करतात. ते कमी असेल तर रेस देताना गाडी अडखळते. स्टार्टिंगशी त्याचा फारसा संबंध नाही.

हवा कुठून आत शिरत असेल तर तेही आता बघा: मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी, थ्रॉटलच्या घासलेल्या दांड्या. इंजिन कसंबसं चालू असताना बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारा. जिथे रेस बदलते तिथे गळती. ज्वलनशील स्प्रे मारणारे बघितलेत. खाली तापलेला एक्झॉस्ट असताना माझी छाती होत नाही.

६. सेटिंग, गाडी सुरू झाल्यावरच

आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासा, ०.३८ मि.मी. घट्ट टॅपेटवर कोणतंही सेटिंग टिकत नाही. मग दोन्ही जेट नट फिरवून पूर्ण वर, कडेला समपातळीवर आणा, आणि तिथून प्रत्येकी १२ फ्लॅट (फ्लॅट म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू), म्हणजे बरोबर दोन फेरे, खाली. इथून गाडी सुरू होतेच.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दोन कारबोरेटरना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका तोंडाशी धरून हवेचा ‘स्स्स’ ऐका. दोन्हीकडे आवाज सारखा येईपर्यंत रेसचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. हवा मोजायचा मीटर विकत मिळतो, पण नळीनेही कान चांगला तयार होतो. मग मिश्रण: पिस्टन जेमतेम एक मि.मी. उचला. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त, नट वर. इंजिन लगेच मरायला लागलं तर पेट्रोल कमी, नट खाली. किंचित वाढून परत जागेवर आली तर बरोबर. एका वेळी एकच फ्लॅट. एकाचं जुळवलं की दुसऱ्याचं थोडं हलतं, म्हणून दोन-तीन वेळा फिरून यावं लागतं. शेवटी क्लॅम्प घट्ट करायला विसरू नका.

गरम गाडीचा रुसवा

लांब पल्ल्यावरून येऊन चहाला थांबलात, वीस मिनिटांनी निघताना गाडी नुसती फिरते. खालच्या एक्झॉस्टच्या उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उकळून वाफा मॅनिफोल्डमध्ये साठलेल्या असतात. चोकला हात लावू नका. ॲक्सलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, सोड-दाब नको, आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारा. वाफ निघून गेली की इंजिन खोकत पकडतं, मग पाय हळू काढा. वारंवार होत असेल तर कारबोरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड इन्सुलेटर आणि खालची पत्र्याची ढाल जागेवर आहे का बघा. मागच्या मालकाने बऱ्याचदा ‘उगाच जागा खाते’ म्हणून काढून ठेवलेली असते. ढाल आणि इन्सुलेटर असूनही त्रास चालूच असेल तर गरम इंजिनावर स्पार्कची परीक्षा परत घ्या. थंडपणी निळी दिसणारी ठिणगी तापल्यावर पिवळी पडली, तर कॉइल किंवा कंडेन्सर बदलायचा.

माझ्या डिकीत आता एक डबा कायम असतो: पॉइंटचा संच, कंडेन्सर, दोन प्लग, फीलर गेज, फडकं, टॉर्च, दोन रोटर आणि लाकडी दांड्याची छोटी हातोडी.